पावाचा भाव

"वकीलबाई, एक विचारू का? मी मेलोय का हो?"

त्रायको वेल्चेव्हनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी काही त्याच्यासाठी तिथे गेले नव्हते. वरच्या घरातल्या स्वयंपाकिणीचा पगार अडकला होता, तिच्या अर्जावर सही घ्यायला गेले होते. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तर विटांच्या चुलीतून दोन पाय बाहेर आलेले. बाकीचा माणूस आत, काजळी खरवडतोय. मग तो सरपटत बाहेर आला, हात पुसले, आणि मी वकील आहे हे कळल्याबरोबर हे असं विचारलं.

"मेला असतात तर काजळी कोण काढतंय?" मी म्हटलं.

"तेच म्हणतो मी! पण मी नगरपालिकेला पत्र लिहिलं, मला घरी जायचंय म्हणून. त्यांनी कळवलं, अर्जदाराला कायद्याच्या दृष्टीनं अर्ज करताच येत नाही, सबब अर्ज आलेलाच नाही. आता सांगा, पत्र माझं, शाई माझी, तिकीट मी लावलं. आणि म्हणे आलेलंच नाही."

वरचं घर म्हणजे आमच्या गावाच्या डोक्यावर, डोंगरात असलेलं सरकारी निवासगृह. ज्यांना स्वतःचं बरंवाईट कळत नाही असं कोर्टानं एकदा ठरवलं, त्या पुरुषांना तिथे ठेवतात. एकदा ठरवलं की ठरलं. मग त्या माणसाला एक पालक नेमतात, आणि तिथून पुढे त्याची सही, त्याचं मत, त्याचं लग्न, त्याचा पत्ता, सगळं पालकाच्या खिशात. सुटका हवी असेल तर अर्ज कोणी करायचा? पालकानंच. वा रे वा! कुलूप घालणाऱ्याकडेच किल्ली मागायची.

माझा स्वभाव तापट आहे, हे गावात कोणालाही विचारा. आई म्हणते, आमच्या इस्क्राच्या डोक्यावर भांडं ठेवलं तर कॉफी उकळेल. त्या दिवशी स्वयंपाकिणीची सही घ्यायची राहिलीच. मी थेट कोर्टात गेले आणि त्रायकोची जुनी फाईल मागवली.

फाईल कसली, चार कागद. त्रायको वेल्चेव्ह, भट्ट्या बांधणारा कारागीर. आमच्या पंचक्रोशीत अंगणात पावाची भट्टी दिसली की ती बहुधा त्याच्या नाहीतर त्याच्या बापाच्या हातची. लग्न केलं नाही, आईबरोबर राहायचा. आई गेली आणि हा बसला. खरोखरच बसला, थंड भट्टीसमोर स्टूल टाकून. बोलेना, जेवेना, कामाला जाईना. शहरातून चुलतभाऊ आला, दोन दिवस राहिला, घाबरला, आणि त्रायकोच्याच भल्यासाठी म्हणून कोर्टात अर्ज टाकून गेला. पुढे तो स्पेनला गेला तो तिकडचाच झाला.

कोर्टात डॉक्टर गेनोव्हनी त्रायकोला तपासलं. तपासलं म्हणजे एकच प्रश्न विचारला, जो ते सगळ्यांनाच विचारतात: पाव कितीला मिळतो?

त्रायको म्हणाला, "आम्ही विकत घेत नाही."

आता आमच्या वरच्या वाड्यांमध्ये जन्मलेल्या कुठल्याही माणसानं हेच उत्तर दिलं असतं. तिकडे शनिवारी भट्टी पेटते आणि आठवड्याचा पाव घरी होतो. कोणाच्या पिशवीत विकतचा पाव दिसला तर शेजारणी चौकशीला येतात, घरात कोणी आजारी आहे का गं म्हणून. वेल्चेव्हांच्या घरी, भट्टीवाल्याच्या घरी, विकतचा पाव? आईनं हाकलून दिलं असतं. पण डॉक्टर गेनोव्ह शहरातले. त्यांनी लिहिलं, 'दैनंदिन व्यवहाराचं भान नाही.' आणि न्यायाधीशांनी त्यावर शिक्का मारला. त्रायकोला दुसरं काहीही विचारलं गेलं नाही. पुढे काही महिन्यांत तो आपोआप बोलायला लागला, जेवायला लागला, वरच्या घराच्या चुली दुरुस्त करायला लागला. त्याचं दुःख ओसरलं. कागद मात्र तसाच राहिला.

मी पालकाला गाठलं. पालक म्हणजे नगरपालिकेच्या समाजकल्याण खात्यातल्या मारांगोझोवाबाई. कागदोपत्री त्या निम्म्या वरच्या घराच्या पालक होत्या. बाई वाईट नव्हत्या, हे मी आज सांगते. तेव्हा मला त्यांचा गळा धरावासा वाटला होता.

"सही करा," मी म्हटलं. "माणूस ठणठणीत आहे."

"मी सही केली आणि उद्या तो नदीत पडला, तर?" त्या म्हणाल्या.

"उद्या मीही नदीत पडू शकते. मलाही वरच्या घरात ठेवणार का?"

"तुमच्या बाबतीत," त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, "विचार करता येईल."

आमचं तालुक्याचं कोर्ट म्हणालं, पालकाची सही आणा. वरचं कोर्ट म्हणालं, खालच्या कोर्टाचं बरोबर आहे. त्याच्या वरचं कोर्ट म्हणालं, वेल्चेव्ह कोण? पालकाशिवाय वेल्चेव्ह आमच्यासमोर उभाच नाही. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथे तर माणूस पायरीवर उभा होता आणि तो कोणाला दिसतच नव्हता. सगळे उंबरठे झिजवून झाले, तेव्हा एकच राहिला. स्ट्रासबर्ग.

मानवी हक्कांच्या त्या कोर्टाचा अर्ज घेऊन मी वर गेले. त्रायकोनं तो वाचला, शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "इथे सही कोणाची?"

"तुमची, त्रायकोदादा."

"माझी? चालेल?"

"तिथे चालते. तिथे फक्त माणूस असावा लागतो, आणि त्याच्यावर अन्याय झालेला असावा लागतो."

तो उठून गेला. मला वाटलं, घाबरला. नळाचा आवाज आला. साबण लावून, नखांतली काजळी काढून, बाह्या खाली घेऊन तो परत आला आणि मग त्यानं सही केली. सही कशी होती म्हणून विचाराल तर शाळेतल्या मुलासारखी, प्रत्येक अक्षर सुटं. मला रडू आलं. मी ते खोकल्यात लपवलं.

मग वर्षं गेली. त्या कोर्टाकडे सगळ्या खंडाची गाऱ्हाणी येतात, रांग मोठी असते. मी महिन्यातून एकदा वर जायची आणि व्हरांड्यातले सगळे मिळून माझी फिरकी घ्यायचे. "काय वकीलबाई, तुमचे स्ट्रासबर्गचे मामा काय म्हणतात? पत्रबित्र?" त्रायकोचा दोस्त मेतो तर रोज सकाळी पोस्टमनला विचारायचा, मामा आले का. एका हिवाळ्यात मेतोनं सगळ्यांना सांगून टाकलं की मामा वारले. त्रायको शांतपणे म्हणाला, "मामा वारलेत की नाही ते मामांना अर्ज करून विचारावं लागेल. इथले लोक काहीही ठरवतात."

आणि एक दिवस मामांचं उत्तर आलं. आम्ही जिंकलो! स्ट्रासबर्गनं लिहिलं होतं: या माणसाला त्याची इच्छा न विचारता डोंगरात डांबून ठेवलं, हे चुकलं. आणि कोर्टाचं दार त्याला स्वतःच्या हातानं वाजवता येऊ नये, हेही चुकलं. मी गाडी भरधाव सोडून वर गेले. स्वयंपाकिणीनं चीज भरलेली, पापुद्र्यांची बनित्सा भाजली, तुपाचा थर इतका की बोटं घसरत होती. मेतो माझ्या गळ्यात पडला. त्रायकोनं एवढंच विचारलं, "म्हणजे मी जाऊ?"

आणि मला सांगावं लागलं, नाही.

कारण स्ट्रासबर्ग दार उघडत नाही. स्ट्रासबर्ग सरकारला सांगतं, तुझं चुकलं, आता दुरुस्त कर. दार आपल्याच गावच्या कोर्टानं उघडायचं असतं. सरकारनं नुकसानभरपाईही भरली. ती जमा झाली पालकाकडे, कारण त्रायकोला पैसे स्वीकारायचा अधिकार नव्हता. हसू नका, मी हे मनानं रचून सांगत नाहीये.

पण एक फरक पडला. आता आमच्या कोर्टाला त्रायकोचा अर्ज नाकारता येईना. त्याच्या त्या सुट्या अक्षरांच्या सहीनं, पालकाशिवाय, प्रकरण उभं राहिलं. तारीख पडली जानेवारीतल्या एका गुरुवारची.

तारीख ऐकली आणि मी कॅलेंडर दोनदा तपासलं. का ते सांगते. त्याच जानेवारीत आमच्या देशानं आपलं जुनं चलन, लेव्ह, सोडून युरो घेतला. महिनाभर दोन्ही पैसे चालत होते. दुकानात प्रत्येक वस्तूवर दोन-दोन किमती, लेव्हमध्ये दिले तर मोड युरोत, म्हाताऱ्या बायका काउंटरवर कॅल्क्युलेटर घेऊन भांडतायत. गावातल्या शहाण्यासुरत्या माणसांना पावाचा भाव धड सांगता येत नव्हता. आणि आमच्या तालुक्यात मनोविकारांचे डॉक्टर एकच. गेनोव्ह. प्रश्नही एकच.

मी त्रायकोची तयारी करून घेतली. भट्टीचं काम चालू असताना त्याच्या मागे उभी राहून घोकून घेतलं. वरच्या घराच्या अंगणात तो तेव्हा नवी पावाची भट्टी बांधत होता, जुनी खचली म्हणून. माती तुडवत तो म्हणायचा, "एक लेव्ह ऐंशी, म्हणजे ब्याण्णव सेंट. एक लेव्ह ऐंशी, म्हणजे ब्याण्णव सेंट." मेतोचंही पाठ झालं. स्वयंपाकिणीचंही झालं. जेवायला बसताना सगळे एका सुरात म्हणायचे.

गुरुवारी कोर्टात आम्ही मोजकी माणसं. वर न्यायाधीश स्तामेनोव्ह, निवृत्तीला आलेले, सर्दीनं बेजार. एका बाजूला मारांगोझोवाबाई. दुसरीकडे डॉक्टर गेनोव्ह, केस पिकलेले, बाकी तसेच. वरच्या घराचा एक रखवालदार दाराशी, लेखनिकबाई कोपऱ्यात. आणि मधे त्रायको, मेतोचा कोट घालून, कारण स्वतःचा होता तो खांद्यात विरला होता.

मी आधी स्ट्रासबर्गचा निकाल वाचला. मग संयुक्त राष्ट्रांचा करार काढला, आपल्याच सरकारनं सही केलेला, ज्यात म्हटलंय की आजार असो, अपंगत्व असो, कायद्यापुढे माणूस तो माणूसच. त्याला मदत लागली तर मदत द्या, त्याची जागा घेऊ नका.

"हळू बोला, वकीलबाई," न्यायाधीश रुमालातून म्हणाले. "मला सर्दी झालीय, मी बहिरा नाही. वाचलंय मी सगळं. डॉक्टर, तुम्ही विचारा."

गेनोव्ह खुर्चीत पुढे सरकले. "वेल्चेव्ह, पाव कितीला मिळतो?"

मी डोळे मिटले. सांग बाबा. एक लेव्ह ऐंशी. म्हण.

"वकीलबाईंनी मला आकडा शिकवलाय," त्रायको म्हणाला. "म्हणून दाखवू का?"

रखवालदार फिस्सकन हसला. मी डोळे उघडले.

"पण ते त्यांचं उत्तर होईल," तो पुढे म्हणाला. "अकरा वर्षं मला दुकानात जाऊ दिलेलं नाही, साहेब. पाहिलं नाही त्याचा भाव मी कसा सांगू? भट्टीचा भाव कोणी विचारला तरी मी आधी त्यांचं अंगण बघून येतो, मग सांगतो."

डॉक्टर लिहायला लागले. मला ती लेखणी हिसकावून घ्यावीशी वाटली. अरे देवा, एवढं पढवलं, एवढं घोकलं, आणि या माणसाला आत्ताच खरं बोलायची हौस!

स्तामेनोव्हसाहेबांनी नाक पुसलं. त्रायकोकडे बराच वेळ पाहिलं. "दुकान कोपऱ्यावरच आहे," ते म्हणाले. "चौक ओलांडला की डावीकडे. बघून येता का?"

"आत्ता?"

"आत्ता."

रखवालदार उठला तसे साहेब गुरकावले, "तू बस. यांनाच पाठवतोय मी."

दाराशी मी त्रायकोच्या हातात दोन युरोचं नाणं कोंबलं. "बघायला पैसे कशाला?" तो म्हणाला. "असू दे," मी म्हटलं. त्यानं नाणं उलटंपालटं केलं. आधी लेव्हवर असलेल्या संत पैसीची दाढी पाहून म्हणाला, "हे इथे आले का? बरं झालं." आणि जिना उतरून गेला. एकटा.

आम्ही थांबलो. साहेबांनी चहा मागवला, लिंडनच्या फुलांचा. मारांगोझोवाबाई सारख्या घड्याळ बघत होत्या. "बर्फ आहे बाहेर," त्या म्हणाल्या, "टोपी होती ना त्याच्याकडे?" चहा येऊन संपला तरी तो आला नाही. त्या कोपऱ्यावर जाऊन यायला इतका वेळ लागत नाही, हे सगळ्यांनाच माहीत होतं. डॉक्टर गेनोव्हनी लेखणीचं टोपण लावलं आणि मान हलवली. "मला आनंद होत नाहीये, वकीलबाई," ते म्हणाले, "पण दिसतंय ते दिसतंय."

मी समोरचे कागद उगाच वरखाली करत बसले. मनात नको नको ते येत होतं. घाबरून कुठे बसला असेल. गाडीखाली आला असेल. पळाला असेल, आणि पळाला असेल तर त्याला दोष तरी कसा द्यायचा? पण मग संपलंच. रखवालदार जाऊन धरून आणेल, डॉक्टर लिहितील, आणि स्ट्रासबर्गचा तो निकाल मी घरी नेऊन भिंतीला टांगायचा. एवढी भीती मला स्वतःच्या कुठल्या कामाची कधी वाटली नव्हती.

जिन्यावर पावलं वाजली. त्रायको आत आला. टोपीवर बर्फ, नाक लाल, काखेत कागदात गुंडाळलेला पाव. पावाचं एक टोक गायब, आणि मिशीत कण. माझ्या जिवात जीव आला.

"उशीर झाला, माफ करा," तो म्हणाला. "एका आजीबाईंचा चष्मा घरी राहिला होता. त्यांना फळीवरचे भाव वाचून दाखवत होतो. मग दुसऱ्या आल्या. मग काउंटरवरच्या मुलीनं मोड कमी दिली म्हणून त्या भांडल्या, तर मला म्हणाल्या, तुम्ही साक्षीला थांबा." त्यानं टोपी काढली. "आता साहेब, भाव कुठल्या पावाचा सांगू? कापलेला पिशवीतला आहे तो ब्याण्णव सेंट, वकीलबाईंचं बरोबर आहे. पण तो पाव नाहीच, कापूस आहे. काळा आहे, बियांचा आहे, तो महाग. आणि हा. हा सव्वा युरोला. पण हा ऊन होता." उरलेली मोड त्यानं मेजावर ठेवली, माझ्यासमोर.

न्यायाधीशांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. तेवढ्यात मारांगोझोवाबाई उठल्या.

"साहेब, मला बोलायलाच हवं. मी त्यांची पालक आहे, उद्या मलाच विचारतील. संपूर्ण पालकत्वाखालच्या माणसाला खरेदी करता येत नाही. कायद्यानं हा व्यवहार झालेलाच नाही."

सगळे पावाकडे बघायला लागले.

"म्हणजे," साहेब सावकाश म्हणाले, "हा पाव परत करायला हवा."

"कायद्यानं... हो."

"पण टोक खाल्लंय."

"तेवढं वाटेत खायचंच असतं," त्रायको म्हणाला. "पाव आणणाऱ्याचं टोक असतं ते."

मी उभी राहिले. माझं सगळं भाषण तयार होतं, कलमांसकट. पण तोंडातून एवढंच आलं: "साहेब, ज्याला पाव विकत घेऊ देत नाही, त्यालाच आपण पावाचा भाव विचारतो. आणि सांगता आला नाही म्हणून अकरा वर्षं कोंडून ठेवतो. याला काय म्हणायचं ते आता तुम्हीच सांगा!" आणि खाली बसले.

त्रायको मारांगोझोवाबाईंकडे निरखून बघत होता. "म्हणजे तुम्ही मारांगोझोवा?" तो म्हणाला. "इतकी वर्षं तुमचं नाव ऐकतोय. मला वाटायचं, तुम्ही खूप उंच असाल."

बाई लाजून चूर झाल्या. त्यानं कागद उलगडला, पाव हातांनी मोडला, सुरी लावली नाही, आणि पहिला तुकडा त्यांच्यापुढे धरला. ऊन पावाला आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही. त्यांनी घेतला. डॉक्टरांनी घेतला. रखवालदारानं घेतला. न्यायाधीशसाहेब म्हणाले, "मी कामावर आहे," आणि थोड्या वेळानं म्हणाले, "ठेवा इथे मेजाच्या कोपऱ्यावर." त्या न झालेल्या व्यवहारातला पाव आम्ही सगळ्यांनी मिळून संपवला. चव अजून माझ्या तोंडात आहे.

डॉक्टर गेनोव्ह खाता खाता थांबले. "वेल्चेव्ह," त्यांनी विचारलं, "तेव्हा तुम्ही म्हणालात, आम्ही विकत घेत नाही. म्हणजे... घरी करत होता?"

"भट्टीवाल्याचं घर ते, डॉक्टर. दुसरं काय करणार?"

"मग तेव्हा सांगितलं का नाही?"

"तुम्ही पुढे विचारलंच नाही."

डॉक्टरांनी आधी लिहिलेलं पान फाडलं आणि नवीन लिहायला घेतलं.

दुपारी निकाल वाचला गेला. पालकत्व रद्द. त्रायको वेल्चेव्हला स्वतःचे सर्व निर्णय स्वतः घेण्याचा अधिकार, आजपासून. मारांगोझोवाबाईंनी तिथेच सांगून टाकलं, नगरपालिका अपील करणार नाही, मी करू देणार नाही. मी त्यांचा हात धरला. मघाशी सांगितलं ना, बाई वाईट नव्हत्याच.

"तुम्हाला काही सांगायचंय का?" साहेबांनी त्रायकोला विचारलं.

"मला?"

"तुम्हालाच."

"जरा विचार करू दे," तो म्हणाला. आणि त्यानं खरंच विचार केला. खिडकीबाहेर बघत उभा राहिला. लेखनिकबाईंची बोटं टाइप करायची थांबली होती. न्यायाधीश शिंक दाबून बसले होते. त्याच्यासाठी अख्खं कोर्ट थांबलं होतं आणि कोणाला घाई नव्हती.

घाई होती ती मला! माझी गाडी खाली उभी. आईनं सकाळपासून कोबीच्या पानांत भात-खिमा भरून हंडाभर सारमी शिजवलेली. वाडीतल्या शेजारणींनी त्याचं घर झाडून ठेवलेलं, किल्ली माझ्या पर्समध्ये. अंधार पडायच्या आत घरी पोचायचं, हे मी महिनाभर आधीच ठरवून ठेवलेलं.

"शनिवारी जाईन," त्रायको म्हणाला.

"काय?" मी ओरडलेच.

"शनिवारी. दुपारच्या बसनं. वरच्या घराची भट्टी अर्धी आहे, वकीलबाई. अर्धी भट्टी टाकून कारागीर जात नाही, त्या घराला चांगलं नसतं. उद्या वरचा लेप संपवतो, तो वाळवायला पहिला जाळ मीच घालायचा. मेतोला जाळ कसा राखायचा ते दाखवतो, आणि परवा निघतो."

"अहो, अकरा वर्षं! अकरा वर्षं तुम्ही घरी जायचं म्हणताय, खाली गाडी उभी आहे, आणि तुम्ही परत तिकडेच... त्रायकोदादा, वेडे आहात का तुम्ही?"

बोलले आणि जीभ चावली.

त्रायको हसला. इतक्या वर्षांत मी त्याला असं दात दिसेपर्यंत हसताना पाहिलं नव्हतं. "नाही ना!" तो म्हणाला. "आत्ताच तर साहेबांनी सांगितलं."

स्तामेनोव्हसाहेब हसता हसता शिंकले, शिंकता शिंकता हसले, आणि हातानंच आम्हाला जा म्हणाले.

मी त्याला गाडीनं वर सोडायला निघाले. वाटभर माझा राग उतरेना, आणि का उतरत नाही तेही कळेना. शेवटच्या वळणावर कळलं. मीही त्याला विचारलं नव्हतं. गाडी, सारमी, किल्ली, सगळं ठरवलं, आणि कधी जायचं हे त्याला विचारायचं माझ्याही डोक्यात आलं नाही. मी पर्समधून त्याच्या घराची किल्ली काढून त्याला दिली. त्यानं ती खिशात टाकली, वरून हात ठेवला.

वरच्या घराच्या फाटकात मेतो आणि बाकीचे बर्फात उभे होते. गाडी दिसताच सगळे एका सुरात ओरडले, "एक लेव्ह ऐंशी, म्हणजे ब्याण्णव सेंट!"

तो उतरला. मी काच खाली केली. "त्रायकोदादा," मी विचारलं, नीट विचारलं, "शनिवारी मी बसथांब्यावर येऊ का? चालेल तुम्हाला?"

त्यानं यावरही थोडा विचार केला.

"या," तो म्हणाला. "आईंनाही आणा. सारमी आणा. पाव तेवढा आणू नका."

"का हो?"

"आम्ही विकत घेत नाही," तो म्हणाला, आणि भट्टी बघायला आत गेला.